साहेब येईपर्यंत

मला गावात अजून कुणी सरपंच म्हणत नाही, बाईच म्हणतात. जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत गेला, शेवटची काही वर्षं तर याच गावच्या शाळेची मुख्याध्यापिका होते. त्यामुळं आज ग्रामपंचायतीत सहीला येणारा पन्नाशीचा गडीसुद्धा दारात चप्पल काढून "येऊ का बाई?" असं विचारतो. मला ते आवडतं, खोटं कशाला बोलू. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे. आमचे यजमान म्हणतात, तुला लोकांनी निवडून दिलं नाही, घाबरून बिनविरोध केलं.

सरपंचपद बाईमाणसासाठी सुटलं तेव्हा गावातली चार वजनदार मंडळी आमच्या ओसरीवर आली. चहा झाला, कापसाच्या भावाच्या गप्पा झाल्या, आणि मग त्यातला एक जण यजमानांना म्हणाला, "बाईंना उभं करा, कारभार काय, तुम्हीच बघायचा." मी आतच होते, कान टवकारून. यजमान म्हणाले, "मी माझा कापूस बघतो. हिच्या कारभारात तोंड घालायची माझी छाती नाय." त्या एका वाक्यासाठी मी त्यांचे मागचे बरेच गुन्हे माफ केले आहेत.

मी त्या खुर्चीवर बसले ती एकाच कामासाठी. आमच्या गावची शाळा आठवीपर्यंत. गाव करमाडच्या पुढं, जालना रोडपासून आत. आठवी झाली की पोरं एका मोटारसायकलवर तिघं बसून करमाडला जातात. पोरींचं तसं नाही. फाट्यापर्यंत चालायचं, मग ट्रकांच्या रांगेतून रस्ता ओलांडायचा, मग जीपमध्ये कुणाच्या तरी मांडीला मांडी लावून बसायचं. आईबाप म्हणतात, नको. मी त्यांच्याशी भांडायचे, पण माझी स्वतःची लेक त्या वयाची झाली तेव्हा मी तिला शहरात भावाकडं ठेवलं होतं, त्यामुळं फार बोलायला तोंड नव्हतं. दर वर्षी आठवीच्या निरोपाला पोरी हमसून हमसून रडायच्या आणि पाहुणे भाषणात म्हणायचे, बघा, शाळेवर किती माया आहे. माया कसली डोंबलाची! उद्यापासून आपल्या नशिबी चूल, भांडी आणि धाकटी भावंडं आहेत, हे त्यांना कळत होतं म्हणून त्या रडायच्या.

सरपंच झाल्यावर मी नववीच्या वर्गासाठी जिल्ह्याच्या कचेरीत इतके हेलपाटे घातले की तिथला शिपाई मला लांबून बघूनच खुर्ची पुसायला लागायचा. शेवटी मान्यता मिळाली. अट एवढीच, की आधी दोन नव्या खोल्या, मग वर्ग. खोल्यांना निधी साहेबांनी दिला. साहेब कोण ते सांगत बसत नाही. आमच्याकडं नुसतं साहेब म्हटलं की पुरतं. काम उन्हाळ्यात पुरं झालं. भिंतींना फिकट पिवळा रंग, मोठ्या खिडक्या, वर पंखे. मी फरशीवर अनवाणी चालून बघितलं. पायाला गार लागलं आणि मला तिथं एकटीला रडू आलं, हेही सांगून टाकते.

गावाला खेटून ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं एक मोहल्ला. तिथं एक बाई शिवणकाम करते. माझे ब्लाऊज तिच्याशिवाय कुणाच्या हातचे बसत नाहीत. तिचा नवरा छोटा हत्ती टेम्पो चालवतो, शेंद्र्याच्या कंपन्यांचा माल इकडून तिकडं नेतो. त्यांची थोरली पोरगी त्या वर्षी आठवीत होती. मी निवृत्त झाले तेव्हा ती पाचवीत असेल. एकदा मी फळ्यावर घाईघाईत बेरीज केली तर ही उठून उभी. "बाई, हातचा राहिला." मी म्हटलं, "मग ये आणि घे." आली, हातचा घेतला, उत्तर पुसून नवं लिहिलं, खडू माझ्या हातात परत ठेवला आणि जाता जाता मला धीर दिला, "होतं असं कधी कधी." वर्ग खदखदून हसला. मी रागावायचं सोडून हसले, आणि तेव्हापासून ती पोरगी माझ्या डोक्यात बसली.

त्या उन्हाळ्यात मी ब्लाऊज आणायला गेले तर तिची आई माप घ्यायची टेप गळ्यात तशीच ठेवून माझ्यासमोर बसली. तिची धाकटी बहीण, म्हणजे पोरीची मावशी, शहरात असते, तिला दिवस गेलेले, घरात सासू नाही, मदतीला कुणी नाही. बहिणीचं म्हणणं, पोरीला माझ्याकडं पाठव.

"एक बार गई तो गई, बाई," ती म्हणाली. "बहीण चांगली हाय माझी, पन तिला पोरगी सवयीची झाली की सोडनार नाय. आज बाळंतपन, उद्या बाळाचं दुखनं. मला एवढंच सांगा, जूनला नववी सुरू होनार ना? मग मी बहिणीला सांगते, पोरीची शाळा हाय. शाळा असली तर कुनी काय बोलत नाय. नुसतीच घरी बसली आसंल तर मी काय सांगू?"

"जूनमध्ये सुरू म्हणजे सुरू," मी म्हटलं. "सांगून टाक बहिणीला."

जून आला. आठवीपर्यंतची शाळा भरली. नव्या खोल्यांना मात्र कुलूप. मी मुख्याध्यापकांकडं गेले. हे सर बीडकडचे, वयानं माझ्या मुलाएवढे, कामाला चोख, पण सावलीला भिणारे. म्हणाले, "बाई, उद्घाटन नाही झालं अजून. त्याआधी खोली वापरायची कशी? साहेबांना काय वाटेल?"

आता हे त्या बिचाऱ्याच्या एकट्याच्या डोक्यातलं नव्हतं. आमच्या भागात कुठंही जाऊन बघा. बसथांबा बांधून होतो, लोक त्याच्या शेजारी उन्हात उभे राहतात, कारण अजून फीत कापलेली नाही. पाण्याची टाकी भरून ठेवतात आणि नळ उघडत नाहीत. ज्यानं दिलं त्याच्या आधी आपण वापरलं तर त्याचा अपमान होतो, असं सगळे धरून चालतात. नियम कुठं आहे म्हणून विचारा, कुणाला दाखवता येत नाही. आणि खोटं कशाला, मलाही तेव्हा ते गैर वाटत नव्हतं. साहेबांना बोलावणं ग्रामपंचायतीनंच धाडलं होतं. माझ्याच सहीनं. त्यांच्या स्वीय सहायकानं फोनवर सांगितलं, "येणार, येणार, साहेब नक्की येणार. तारीख कळवतो."

तारीख आली. शाळेच्या मैदानात मंडप उभा राहिला. सरांनी नववीच्या मुलींना बोलावून घेतलं, कारण स्वागतगीताला मोठ्या मुली हव्यात. म्हणजे बघा, ज्यांचा वर्गच भरत नाही त्या पोरी रोज सकाळी गणवेश घालून यायच्या, कुलूपबंद खोलीसमोरच्या ओट्यावर रांगेत उभ्या राहायच्या आणि पाहुण्यांच्या स्वागताचं गाणं घोकायच्या. दुपारी घरी. पुढं उभी राहून सूर धरणारी, अर्थात, शिवणकामवालीची पोरगी. गळा मोकळा, भीड म्हणून नाही. मी एकदा तिथून जात होते तर गाणं थांबवून तिनं विचारलं, "बाई, साहेबांना गानं आवडलं तर वर्ग लवकर सुरू करतील का?" बाकीच्या पोरी फिदीफिदी हसल्या. मी म्हटलं, "तू तोंड उघडून म्हण, बाकीचं मी बघते."

आदल्या दिवशी निरोप आला, साहेब मुंबईत अडकले. मंडप उतरला. पुढची तारीख आली, तिलाही काहीतरी झालं. साहेबांच्या जवळच्या नात्यात कुणी गेलं म्हणे. तिसऱ्यांदा मंडपवालाच मला म्हणाला, "बाई, बांबू इथंच ठेवू का?" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्रामसभा बोलावली.

म्हटलं, पुरे झालं. नववीच्या मुलींच्या हातानं कुलूप उघडू, वर्ग सुरू करू. साहेब येतील तेव्हा येतील, सत्कार करू, हार घालू, काय वाट्टेल ते करू. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. पण एकेक जण बोलायला लागला, आणि सगळ्यांचा सूर एकच: बाई, घाई करू नका.

त्यामागचं कारण मलाही कळत होतं. आमच्यासारख्या आडवळणाच्या गावाला मोठा माणूस काय रोज रोज येतो का? तो आला तर फाट्यापासूनचे खड्डे आधीच्या रात्रीत बुजतात. तो व्यासपीठावर उभा असताना चार माणसांदेखत मागणी केली तर त्याला नाही म्हणता येत नाही. खोल्या आपणच उघडल्या तर साहेबांना यायचं कारणच उरणार नाही, आणि साहेब आले नाहीत तर ओढ्यावरचा पूल मागायचा कुणाकडं?

पूल. तिथंच सगळं घोडं अडलं होतं. पावसाळ्यात ओढा चढला की मोहल्ला तुटतो. आदल्याच वर्षी एका अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून छातीइतक्या पाण्यातून अलीकडं आणलं होतं. तेव्हा पाण्यात उतरलेल्यांत शिवणकामवालीचा नवरा होता. तो सभेत उठून उभा राहिला. कधी न बोलणारा माणूस. टोपी हातात घेतली.

"बाई, तुमचं बरोबर हाय," तो म्हणाला. "माझी पन पोरगी हाय त्या वर्गात. पन मी पान्यात उतरलो होतो त्या दिवशी. ती बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून ओरडत होती. थोडे दिवस थांबू. साहेब आले की पुलाचं होऊन जाईल. पोरी काय, चार दिवस उशिरा शिकतील."

मी शाळेत असते तर त्याला खाली बस म्हटलं असतं. पण तो खोटं बोलत नव्हता, स्वतःपुरतंही मागत नव्हता. मी मतं घेतली. थांबा म्हणणाऱ्यांचे हात वर झाले, जवळजवळ सगळ्यांचे. त्याचाही. बायकांच्या घोळक्यात त्याची बायको बसली होती. तिनं हात वर केला नाही, नुसती पदर दातात धरून माझ्याकडं बघत राहिली. सभेचा निर्णय तो सभेचा निर्णय. मी अध्यक्ष म्हणून सही केली आणि घरी येऊन यजमानांवर उगाचच ओरडले.

श्रावणात शिवणकामवालीच्या बहिणीचे दिवस भरले. ती माझ्या घरी आली, माझे दोन ब्लाऊज पिशवीत घालून. ते न्यायला मीच गेले असते, तरी ती आली.

"बाई, आता काय सांगू बहिणीला?"

"सांग की शाळा सुरू आहे. खोटं बोल, मी पाठीशी आहे."

"सांगितलं मी तसं. तिनं इचारलं, कोनता वर्ग? पोरीनं फोनवर खरं सांगून टाकलं. म्हनली, रोज गानं म्हनतो." ती हसली, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बहीण म्हनते, गानं तर माझ्याकडं येऊन पन म्हन, बाळ झोपंल."

पोरगी सव्वा महिन्यासाठी म्हणून शहरात गेली. बापानंच छोट्या हत्तीतून सोडली. मला हे दुसऱ्या दिवशी कळलं, शाळेच्या ओट्यावर सूर धरायला दुसरी पोरगी उभी दिसली तेव्हा. त्या पोरीला सूर सापडत नव्हता आणि सर म्हणत होते, "पुन्हा घ्या, पुन्हा घ्या."

त्या क्षणी माझं डोकं फिरलं. मी सरांना म्हटलं, चावी द्या. ते म्हणाले, "बाई, माझी बदली होईल." मी म्हटलं, "लिहून ठेवा की सरपंचानं दमदाटी करून घेतली. मी सही करते." त्यांनी चावी हातात दिली नाही, टेबलावर ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. मी कुलूप उघडलं, पोरींना आत घातलं आणि त्याच दुपारी मीच बीजगणिताचा पहिला तास घेतला. पुढच्या आठवड्यात सर स्वतःहून शिकवायला लागले. ते चांगलेच शिकवतात, त्यांना फक्त कुणीतरी ढकलावं लागतं.

गाव खवळलं. ग्रामसभेचा निर्णय सरपंचच मोडतात म्हणजे काय? बरोबरच होतं त्यांचं. पारावर बसलेली माणसं मी गेले की बोलायची थांबायची. एकानं तर तोंडावर सांगितलं, "बाई, तुम्ही गावचा पूल बुडवला." मी त्याला त्याच्या पोरीचं प्रगतिपुस्तक आठवून दोन शब्द सुनावले, पण घरी आल्यावर भाकरी गोड लागली नाही. साहेबांचा राग ओढवला असला तर? पुढच्या पावसात पुन्हा कुणाला खाटेवरून न्यावं लागलं तर ते कुणाच्या माथी? झोपेतही तोच विचार असायचा.

शिवणकामवालीला निरोप धाडला, वर्ग सुरू झाला, पोरीला आण. ती म्हणाली, सव्वा महिना होऊ द्या बाई, बाळंतिणीला अर्ध्यात कसं सोडायचं. सव्वा महिना झाला. मग बहिणीला ताप येत राहिला. मग बाळाला कावीळ. मग दिवाळीच्या सुट्ट्या. मी दर वेळी विचारायचे, ती दर वेळी नवीन कारण सांगायची, आणि प्रत्येक कारण खरं असायचं.

थंडीत एकदाचे साहेब आले. आधीच्या रात्री खड्डे बुजले, अगदी सगळे म्हणत होते तसेच. सरांनी नववीच्या वर्गातले बाक बाहेर काढले, दाराला लाल फीत बांधली, फळा तेवढा पुसायचा विसरले. फीत कापली, नारळ फुटला, गाणं झालं. साहेब मनमोकळे बोलले. गावकऱ्यांनी पुलाची मागणी केली आणि साहेबांनी तिथल्या तिथं, माइकवर, पूल मंजूर म्हणून सांगितलं. मोहल्ल्यातली माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला हायसं वाटलं. किती दिवसांनी श्वास मोकळा झाला माझा.

मग मंडळी नव्या खोलीत चहाला बसली. शिवणकामवालीचा नवरा पाहुण्यांना पाणी देत होता. साहेबांचा स्वीय सहायक, तोच फोनवरचा, फळ्याकडं बघून म्हणाला, "अरे, वर्ग तर चालू आहे की इथं!"

सर पांढरेफटक पडले. मी पुढं झाले. म्हटलं, "माझ्या सांगण्यावरून सुरू केला. थांबायला हवं होतं, पण मुलींचं वर्ष..."

"अहो बाई, बरं केलं की!" तो बिस्किट चहात बुडवत म्हणाला. "साहेबांना काय, फीत कापायची असते. ती कधीही कापता येते. आम्ही कुठं म्हटलं थांबा म्हणून? जूनमधेच सुरू करायचं होतं. चालू वर्गात फोटो पण चांगला येतो, पोरी बाकावर बसलेल्या. आम्हाला काय माहीत तुम्ही आमच्यासाठी थांबलात ते!"

त्यानं हे अगदी प्रेमानं सांगितलं. साहेबही मान हलवत होते. मी हसले बहुधा, कारण सगळे हसत होते. शिवणकामवालीचा नवरा जग हातात धरून तसाच उभा होता. ग्लास भरला होता तरी तो ओतत होता, पाणी टेबलावरून सहायकाच्या पॅन्टवर गेलं, तेव्हा कुणीतरी त्याच्या हातातून जग काढून घेतला.

साहेबांच्या गाड्या धूळ उडवून गेल्या. मंडपवाला बांबू सोडवायला लागला. मी सत्काराची शाल खांद्यावर तशीच घेऊन पायरीवर बसले होते. शिवणकामवालीचा नवरा माझ्याजवळ आला.

"बाई, चला."

"कुठं?"

"पोरीला आणू."

त्याच्या छोट्या हत्तीत पुढं त्याच्या शेजारी बसून मी शहरात गेले. शेंद्रा मागं पडेपर्यंत मी बोलायचा प्रयत्न केला, वर्गाचं, पुलाचं. तो नुसतं "व्हय" म्हणायचा. गल्ली अरुंद होती म्हणून गाडी बाहेर लावली आणि चालत गेलो. दार पोरीनंच उघडलं. कडेवर बाळ, ओढणीच्या टोकाला बाळाची लाळ. मला बघून तिचा चेहरा एकदम उजळला, आणि पुढच्याच क्षणी तिनं तो सावरला. चार-पाच महिन्यांत ती बाईसारखी वागायला शिकली होती. आम्हाला बसवलं, पाणी आणलं, मावशीला आतून बोलावलं, एका हातानं बाळ थोपटत दुसऱ्या हातानं चहा टाकला.

मावशी वाईट नव्हती. म्हणाली, तुमची पोरगी आहे, घेऊन जा, मी कोण अडवणारी? पण बोलताना ती पोरीच्या कडेवरच्या बाळाकडं बघत होती.

"चल बेटा," बाप म्हणाला. "सामान भर."

पोरगी मला म्हणाली, "बाई, गणितात कुठवर आले?"

मी सांगितलं.

"म्हंजे निम्मं झालं."

"मी शिकवते तुला. रोज संध्याकाळी माझ्या घरी ये. महिन्याभरात सगळ्यांच्या पुढं जाशील, तुझं डोकं मला माहीत नाही का?"

ती विचारात पडली. खरंच पडली, मला दिसत होतं. बाळाच्या पाठीवरून हात फिरवत ती मनातल्या मनात हिशोब करत होती. मग तिनं विचारलं, "आनि परत मधे काय आलं तर?"

"काही येत नाही आता," मी म्हटलं.

"तेव्हा पन तुम्ही म्हनलं होतं, बाकीचं मी बघते." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडण मला जमतं. "मी रोज यायचे, बाई. रोज गणवेश धुवायचे. समोर कुलूप असायचं आनि आम्ही गात असायचो. मग अम्मी म्हनली जा, तर आले. इथं निदान कुनाला तरी मी लागते. खालाला विचारा, तिला बाथरूमला जायचं असलं तरी मला हाक मारते." आणि मग बापाकडं न बघता, "अब्बांनी पन हात वर केला होता. अम्मीनं सांगितलं मला."

त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिची कड बोटांनी चाचपत बसला. मी आणखी खूप बोलले. समजावलं, रागावले, शेवटी अक्षरशः विनवण्या केल्या, जन्मात कुठल्या पोरीच्या केल्या नसतील. ती ऐकत होती, मान हलवत होती, पण उठली नाही. बाळ रडायला लागलं तेव्हा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी बघू, बाई." मी मोठ्या माणसांना पुढच्या वर्षी बघू म्हणते तेव्हा त्याचा अर्थ काय असतो, ते मला माहीत आहे.

आम्ही निघालो. जालना रोडला लागेपर्यंत अंधारून आलं होतं. कंपन्या सुटल्या होत्या, रस्ता गाड्यांनी भरला होता आणि तो दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होता. मला रडू येत होतं आणि मी ते लपवत नव्हते. करमाड गेलं. फाट्यावर गाडी आत वळवताना, समोरच बघत, त्यानं विचारलं,

"बाई, पूल होईल ना पन? नक्की होईल ना?"

"होईल," मी म्हटलं.